इथे जरा घाई झाली

मंगळवारी सकाळी ऑफिसची रोजची मीटिंग चालू असताना फोनवर एक फोटो आला. आधी कळेचना काय आहे ते. पांढरा रंग अर्धामुर्धा खरवडलेला, त्याखाली मधाच्या रंगाचं प्लायवूड, आणि प्लायवूडवर पेन्सिलीने लिहिलेली एक ओळ. अक्षर माझंच. शिरोरेघ उजवीकडे जाता जाता वर चढलेली, जिच्यावरून चौथीपासून दहावीपर्यंत प्रत्येक बाईंनी मला पट्टी दाखवलीय. फोटोखाली, माझी बोट जिने विकत घेतली तिचा मेसेज, हे तू लिहिलंयस का, कुठली भाषा आहे, एखादं माप वगैरे असेल तर सांग म्हणजे मी वहीत उतरवून ठेवते.

माप वगैरे काही नाही. "इथे जरा घाई झाली" एवढंच लिहिलंय.

मीटिंगमध्ये माझा नंबर आला तेव्हा काल काय केलं आणि आज काय करणार हे मी धडाधड सांगून टाकलं, त्यात माझं कधी अडत नाही. पण मेसेजला उत्तर दिलं नाही. दुपारी देऊ म्हटलं, मग रात्री देऊ म्हटलं, आणि आज शनिवार उजाडलाय. मी मेसेज वाचलाय हे तिला दिसतंय, आणि तिला ते दिसतंय हे मला माहितीय, असं चार दिवस चाललंय.

तर ही बोट आता माझी नाही. २०२४च्या मे महिन्यात मी ती विकली. त्याआधी साडेचार वर्षं ती माझी होती आणि त्यातला बराचसा काळ ती पाण्यापेक्षा माझ्या डोक्यातच जास्त तरंगत होती. ३१ फुटांची, शिडाची, तीन अंगांची. मधे एक लांबडी अरुंद होडी, तिच्या दोन्ही बाजूंना आडव्या तुळयांनी जोडलेल्या दोन सडपातळ होड्या, या टोकापासून त्या टोकापर्यंत रुंदी जवळपास १९ फूट. इंग्रजीत ट्रायमरन. हा शब्द १९४०च्या दशकात व्हिक्टर चेचेट नावाच्या, युक्रेनमधून अमेरिकेत आलेल्या एका माणसाने बनवला, कॅटामरनवरून. आणि कॅटामरन हा मूळचा तमिळ शब्द, कट्टुमरम, म्हणजे एकत्र बांधलेली लाकडं. त्यातलं नुसतं "मरन" उचललं आणि पुढे ट्राय डकवलं. म्हणजे इथे कॅलिफोर्नियात मरिनांमध्ये, जिथे खासगी बोटी बांधून ठेवतात तिथे, गोरे म्हातारे लोक दिवसभर आपापल्या बोटींना तमिळमध्ये लाकूड लाकूड म्हणत असतात आणि त्यांना त्याचा पत्ताच नसतो. मला हे कळलं तेव्हा आठवडाभर भेटेल त्याला सांगत सुटलो होतो. बायको म्हणाली आता पुरे.

२०१९च्या नोव्हेंबरमध्ये, सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीवरच्या अलामेडाच्या एका मरिनात मी ती पहिल्यांदा बघितली. डेकवर शेवाळं, दोर उन्हाने पांढरे पडून खडखडीत झालेले, केबिनमध्ये तो वास. जुन्या बोटीचा वास ज्याने घेतलाय त्याला सांगायला नको, थोडं डिझेल, थोडी बुरशी, थोडी गोधडी पावसात भिजल्यासारखी. मालक ७० पार केलेला, गुडघे गेलेले, ३,००० डॉलर म्हणाला आणि मी काही बोलायच्या आधी स्वतःच २,५०० म्हणाला. तेव्हाच मला संशय यायला हवा होता. पण मला त्या वेळी ती मधली निमुळती नाळच दिसत होती. डिझाइन जिम ब्राउनचं, सीरनर ३१. साठ-सत्तरच्या दशकात याच कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर या माणसाने असे नकाशे काढून विकले, की ज्यावरून सुतारकाम जेमतेम येणाऱ्या माणसानेही परसात प्लायवूडची बोट बांधावी आणि बायकापोरांना घेऊन समुद्रात निघून जावं. त्याने स्वतः ते केलंही, बायको आणि दोन मुलग्यांना घेऊन. नकाशे घेणारे पुष्कळ निघाले, बोटी पुऱ्या करणारे त्याहून कमी, आणि बोट पुरी करून खरोखर निघून जाणारे त्याहून कमी. माझी बोट ज्याने बांधली तो मधल्या गटातला असावा. बोट पुरी झाली, गेली मात्र कुठेच नाही.

त्याचं नाव मला माहीत नाही. कागदांवर बांधणारा कोण या रकान्यात नुसतं "घरी बांधलेली" एवढंच. पण त्याचं अक्षर मला माझ्या बापाच्या अक्षराइतकं ओळखीचं आहे. पहिल्या हिवाळ्यात मी आतला जुना रंग काढायला घेतला, गुडघ्यावर बसून, तोंडाला मास्क, अंगात तो कागदी पांढरा सूट, हातात सँडर, म्हणजे लाकूड घासायचं यंत्र. अर्ध्या तासात माणूस पिठाच्या गिरणीतून आल्यासारखा होतो. आणि त्या रंगाखालून पेन्सिलीच्या खुणा निघायला लागल्या. बहुतेक फूट-इंचाचे आकडे. काही ठिकाणी आकडा खोडून शेजारी दुसरा. एका फ्रेमवर "नोव्हेंबर १९७४". डाव्या बाजूच्या लहान होडीत, जिथे माणसाला आडवं पडूनच शिरता येतं, तिथे "पुन्हा पाऊस". नुसतं एवढंच, पुन्हा पाऊस. आणि मधल्या होडीत पाण्याच्या टाकीमागे एक मासा काढलेला, लहान मुलाने काढतात तसा, एकाच रेषेत शेपूट आणि डोळ्याच्या जागी ठिपका. मी सँडर बंद केला. त्या माशाच्या भोवतीने हाताने पॉलिश पेपर फिरवला आणि वरून नुसता एपॉक्सीचा, म्हणजे दोन भाग कालवले की घट्ट होणाऱ्या राळेचा, पारदर्शक हात मारला. विकेपर्यंत तो मासा तिथे होता, अजूनही असेल.

मग मीही लिहायला लागलो. त्याच्या "१९ १/४" शेजारी माझं "अजूनही १९ १/४". एका तुळईवर माझ्या लेकीची उंची. ४५-५० वर्षांच्या अंतराने दोन माणसं एकाच लाकडावर लिहीत होती, आणि त्यातला एक मेला असण्याचीच शक्यता जास्त होती.

लाकूड कुजतं कसं याचं मला काडीचं ज्ञान नव्हतं. मी समजत होतो की समुद्राचं खारं पाणी लागून कुजतं. उलट आहे. खाऱ्या पाण्यात कुजवणारी बुरशी सहसा धरत नाही. कुजतं ते गोड्या पाण्याने. पाऊस, धुक्याचं दव, केबिनमधला श्वास. कुठल्यातरी स्क्रूच्या भोकातून थेंब थेंब आत जातो आणि वरून दिसत काहीच नाही. शिवाय त्या काळी एपॉक्सी महाग, म्हणून बऱ्याच जणांनी प्लायवूडवर पॉलिएस्टर रेझिनने फायबरग्लासचं कापड चढवलं. ते रेझिन लाकडाला मनापासून चिकटत नाही, काही वर्षांनी कापड पापुद्र्यासारखं सुटतं आणि मधे पाणी साचून राहतं, प्लास्टिकच्या पिशवीत ओला रुमाल कोंबून ठेवल्यासारखं. ते शोधायचं कसं, तर हातोडीच्या मागच्या बाजूने ठोकत जायचं, नारळ वाजवून घेतो तसं. टण टण टण टण, आणि मधेच एक भद्द. तो भद्द ऐकला की पोटात खड्डा. तिथे स्क्रूड्रायव्हर टेकवला की लोण्यात शिरल्यासारखा आत. मग ते सगळं उकरायचं, ओल्या चहाच्या चोथ्यासारखं बाहेर येतं, खणखणीत लाकूड लागेपर्यंत थांबायचं नाही, आणि तिथून पुढेही चार बोटं जायचं. मग वाळवायचं. मग नवा तुकडा, मग एपॉक्सी. इकडचे लोक एपॉक्सीच्या घट्टपणाला केचप, मेयोनीज, पीनट बटर असं म्हणतात. मी कढी, बासुंदी, श्रीखंड म्हणायचो. भेगा भरायला श्रीखंड. एकदा जास्त श्रीखंड एकाच डब्यात कालवून ठेवलं आणि फोन घ्यायला गेलो, आलो तर डब्यातून धूर निघतोय आणि डबा वितळून वाकडा झालाय.

बाबा २०२२च्या उन्हाळ्यात आले तोवर बोट पाण्यात धड चालायला लागली होती. बाबा डोंबिवलीत राहिले उभा जन्म, पण मूळचे आचऱ्याचे. त्यांना मी जेट्टीवर नेलं. ते दोन मिनिटं नुसते बघत उभे राहिले, आणि मग एकदम मालवणीत शिरले, जी ते गावचं माणूस भेटल्याशिवाय बोलत नाहीत. "अरे, ही तर उलांडी मा! पण दोन दोन कित्याक?" आजोबांच्या होडीला एक उलांडी होती. आंब्याच्या खोडात कोरलेली होडी आणि एका बाजूला दोन वाशांच्या टोकाला बांधलेला पांगाऱ्याचा हलका ओंडका, पाण्यावर टेकून होडीला कलंडू न देणारा. मी ती होडी पाण्यात कधी बघितलीच नाही. माझ्या लहानपणी ती माडाखाली उलटी पडलेली असायची आणि आम्ही पोरं तिच्यावर बसून आंबे खायचो. तर बाबांचं म्हणणं असं की उलांडी एकाच बाजूला हवी, "दोनय बाजूक लावल्यार जाळा खयसून ओढतलंस?" मी म्हटलं बाबा, आम्ही जाळं ओढत नाही, आम्ही नुसते फिरतो. त्यावर ते काही बोलले नाहीत. बऱ्याच वेळाने डेकच्या कडेला अंगठा दाबत म्हणाले, "गोड्या पाण्यान कुसता हां लाकूड, खाऱ्यान नाय. पावसात झापाखाली घालूक व्हया." मी दोन वर्षं आणि बारा-पंधरा हजार डॉलर घालवून जे शिकलो ते त्यांना आठ वर्षांचे असल्यापासून माहीत होतं. मी कधी विचारलं नव्हतं, एवढंच. तेव्हापासून त्या बाजूच्या होड्यांना मी उलांडीच म्हणतो. इंग्रजीतला शब्द आता चटकन आठवतही नाही.

त्यांना घेऊन आम्ही खाडीत गेलो. उन्हाळ्यातल्या दुपारी सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीत काय वारं असतं ते अनुभवलेल्यालाच ठाऊक, आतल्या बाजूला सेंट्रल व्हॅली भट्टीसारखी तापते, तिथली हवा वर जाते आणि समुद्रावरची गार हवा गोल्डन गेटच्या फटीतून आत खेचली जाते, रोज, दुपारी दोनच्या सुमारास, नेमाने. २० नॉट, २५ नॉट, नॉट म्हणजे तासाला एक सागरी मैल. बाकीच्या बोटी, ज्यांच्या पोटाखाली शिशाचं वजन असतं, त्या एका अंगावर झुकून चालतात, आतली माणसं भिंतीला चिकटलेली. ट्रायमरनला ते वजनच नाही, तिचा तोल रुंदीवर. म्हणून ती झुकत नाही, निघते. वाऱ्याखालची उलांडी पाण्यात दबते, वरची उचलली जाते, आणि होड्यांच्या मधे ताणलेल्या जाळीखालून पाणी असं धावतं की बघणाऱ्याचा पाय आपोआप मागे येतो. एक क्षण ११ नॉट दिसले. बाबांनी थर्मासच्या झाकणातला चहा फळीवर ठेवला होता, तो तसाच. हे त्यांनी पुढे फोनवर आचऱ्याच्या चुलतभावाला तीनदा सांगितलं, की चाय हाललीसुद्दा नाय. बोटीच्या वेगाबद्दल अवाक्षर नाही.

मग विकली कशाला, हे सगळे विचारतात. कारणं साधीच आहेत. लेक कॉलेजला जाणार, खर्च. मरिनावाले १९ फूट रुंदीच्या बोटीला दोन बोटींची जागा लागते म्हणून भाडं जास्त लावतात आणि त्यांचंही बरोबर आहे. काउंटीचा दरवर्षीचा बोटीवरचा कर. बोट पाण्याबाहेर काढायची तर एवढी रुंद बोट उचलणारं यंत्र बोटी दुरुस्त करणाऱ्या मोजक्याच यार्डांत, त्यांच्या तारखा मिळवा. माझी पाठ. आणि एक कारण असं की दुरुस्त करायचं काही उरलं नाही तेव्हा मला कंटाळा यायला लागला. हे मी जाहिरातीत लिहिलं नाही.

जाहिरातीत मी पहिल्याच ओळीत "घरी बांधलेली" असं लिहिलं होतं, इंग्रजीत अर्थातच. पहिला फोन आला त्या माणसाने सगळं ऐकून घेतलं, शिडं किती, इंजिन कुठलं, आणि मग विचारलं, फॅक्टरीची की घरी बांधलेली? म्हटलं घरी बांधलेली. तो "ओह" म्हणाला आणि थँक्यू म्हणून ठेवून दिला. दुसऱ्याचंही तेच. बोटींची दलाली करणारा एक ओळखीचा गृहस्थ म्हणाला, ते दोन शब्द काढ, त्या दोन शब्दांनी तुझे पाच हजार जातायत. मला हे समजायलाच वेळ लागला. आपल्याकडे घरचं म्हटलं की भाव वाढतो. घरचं तूप, घरगुती मसाला, घरचे हापूस. आपण दुकानातल्या लोणच्याच्या बरणीवरसुद्धा घरगुती असं छापून घेतो, ते कारखान्यात झालं असलं तरी. आणि इथे घरची बोट म्हणजे लायकी नसलेली. विमा कंपन्या तर घरी बांधलेली, लाकडाची, तीन अंगांची एवढं ऐकून पुढचं ऐकतच नव्हत्या. पण नंतर त्यांचंही पटायला लागलं. घरचं तूप आपण वास घेऊन घेतो, आणि देणाऱ्या बाईला ओळखतो. या बोटीत प्लायवूडच्या आत काय आहे हे फक्त बांधणाऱ्याला माहीत, आणि तो तर गेला. त्याच्यानंतर मला माहीत.

या बोटींचं नाव मुळात खराब झालं त्याचीही एक गोष्ट आहे आणि ती मला या चार दिवसांत सारखी आठवतेय. जिम ब्राउनच्या आधी या सगळ्या वेडाचा जनक आर्थर पायव्हर. इथलाच, पूल ओलांडला की मिल व्हॅली. छपाईचा व्यवसाय, बोटींच्या डिझाइनचं रीतसर शिक्षण नाही. १९६०मध्ये ३० फुटी प्लायवूडच्या ट्रायमरनमधून अटलांटिक पार करून दाखवला आणि मग त्याचे नकाशे धडाधड खपले. १९६८मध्ये तो एकटा एका छोट्या ट्रायमरनमधून इथून बाहेर पडला आणि परत आला नाही. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये एकट्याने न थांबता जगाला वळसा घालायची शर्यत होती, तिच्यात पायव्हरच्याच डिझाइनवरच्या दोन ४० फुटी बोटी उतरल्या. एक नायजेल टेटलीची, एक डोनाल्ड क्रोहर्स्टची. क्रोहर्स्टची बोट घरी बांधलेली नव्हती हं, व्यवस्थित कारखान्यात बांधलेली. पण निघायची शेवटची तारीख ३१ ऑक्टोबर, आणि बोट तयारच होईना. तो त्याच शेवटच्या दिवशी निघाला, अर्धवट बोट घेऊन, उलांड्यांची झाकणं गळतायत, सामानाचा ढीग डेकवर. पुढे जाता येईना, परतही फिरता येईना, म्हणून तो अटलांटिकमध्येच घिरट्या घालत राहिला आणि रेडिओवरून खोट्या जागा कळवत राहिला. टेटली तोवर खरोखर जग फिरून आला होता, घर जवळ आलं होतं. पण मागून क्रोहर्स्ट झपाट्याने येतोय असं त्याला कळलं, त्याने दमलेली बोट आणखी ताणली, आणि मे १९६९मध्ये अझोर्सजवळ ती फुटून बुडाली. तो वाचला. जुलैमध्ये क्रोहर्स्टची बोट रिकामी सापडली, आत त्याच्या वह्या. मी ही गोष्ट आधी वाचली तेव्हा क्रोहर्स्टच्या खोटेपणाचीच वाटली होती. आता वाटतं ती घाईचीही आहे. एकाने घाईत बोट बांधून घेतली आणि ती झाकायला जे लिहिलं त्याने दुसऱ्याला घाई झाली.

माझी गोष्ट एवढी मोठी नाही. कोणी बुडालं नाही.

सप्टेंबर २०२३. विकायची ठरली होती म्हणून बोट शेवटची बाहेर काढली, रिचमंडच्या एका यार्डात. खालचा रंग, किरकोळ कामं. उजव्या उलांडीत मागच्या कप्प्यात, डेकच्या कडेखाली, ठोकता ठोकता एक भद्द आला. तळहाताएवढा. जीव जाईल अशी जागा नव्हे, एवढं मी स्वतःला त्या दिवसापासून सांगत आलोय. आत आडवा पडून उकरायला घेतलं, टॉर्च दातात धरून. ते मागे मागे जात होतं. रविवार होता, साडेतीन वाजून गेले होते आणि सहा वाजता फ्रीमाँटला मंडळाच्या गणपतीत मोदकांच्या काउंटरवर माझी ड्यूटी होती. दोनशे माणसं येणार, आणि आधीच्या वर्षी मी उशिरा गेलो होतो त्यावरून बोलणी खाल्ली होती. शिवाय धुकं यायला लागलं होतं, यार्डातला क्रेनचा भोंगासुद्धा ओला वाटत होता. ओल मोजायचं मीटर लावलं, १८ टक्के. १२च्या खाली हवं. खणखणीत लाकडाच्या वीतभर अलीकडे मी थांबलो. श्रीखंड कालवलं, भरलं, तुकडा बसवला. पहिला हात अर्धवट सुकल्यावर त्याच्यावर मेणासारखा एक चिकट थर येतो, थंड दमट हवेत हमखास येतो, तो साध्या पाण्याने घासून धुवावा लागतो नाहीतर पुढचा हात धरत नाही. तो धुतला नाही. कानावरची पेन्सिल काढली आणि शेजारच्या चांगल्या लाकडावर ती ओळ लिहिली. बाकी अख्ख्या बोटीत माझ्या नोंदी इंग्रजीत आहेत. ही एकच मराठीत. वरून पारदर्शक हात फिरवला, काचेखाली घातल्यासारखी ती ओळ तिथे बसली, आणि मी केसांत भुसा घेऊन मोदक वाटायला गेलो. तीन जणांनी विचारलं केस पिकले का रे एकदम.

पुढच्या मे महिन्यात ती बोट बघायला आली. व्हॅलेहोची, हॉस्पिटलमध्ये रात्रपाळीची नर्स, ड्यूटी संपवून थेट आलेली, डोळे लाल. तिने आल्या आल्या बोटीचा फोटो काढला नाही की शिडं उघडायला सांगितली नाहीत. बोटांच्या पेरांनी ठोकत ठोकत चालायला लागली. पेशंटची छाती ठोकून बघतात तसं. घरी बांधलेली आहे, हे मी आधीच सांगून टाकलं, तर म्हणाली हो, दिसतंय, कोणी? म्हटलं माहीत नाही. तिला तो मासा दाखवला. ती त्याच्यासमोर बराच वेळ बसली. मग म्हणाली, मला माहीत असायला हवं असं आणखी काही? मी तिला तीन पानांची यादी दिली. काय काय कुजलं होतं, कधी काढलं, काय लावलं, कुठे अजून लक्ष ठेवायला हवं. २७ मुद्दे. मला त्या यादीचा अभिमान होता, खरंच होता. इतका प्रामाणिक विक्रेता तिला अख्ख्या खाडीत मिळाला नसता. ९,००० डॉलर ठरले. कागदांवर सह्या केल्या. २८वा मुद्दा यादीत नव्हता. विसरलो असं म्हणायची सोय नाही, कारण यादी टाइप करताना २७ वर येऊन मी उठलो होतो आणि चहा करून आलो होतो.

चार दिवस मी त्या ओळीचं इंग्रजी करतोय. मराठीत ती किती सोपी आहे. घाई झाली. कोणी केली याचा पत्ता नाही, पाऊस पडला, उशीर झाला, तशी घाई झाली. शिवाय जरा. इंग्रजीत करायला गेलं की मधे एक माणूस उभा करावा लागतो, नाहीतर सरकारी खुलाशासारखं वाटतं. आणि माणूस उभा केला की तो पुढचं बोलायला लागतो. कारण घाई त्या रविवारची. पुढच्या शनिवारी मी पुन्हा यार्डात गेलो होतो. ऊन होतं. मोदक नव्हते. अख्खा दिवस हातात होता. तो तुकडा उपटून, वीतभर आणखी उकरून, आठवडाभर दिवा लावून वाळवता आलं असतं. मी आडवा पडून आत शिरलो, टॉर्चच्या उजेडात माझीच ओळ वाचली, आणि तिच्यावर पांढरा रंग मारला. दोन हात.

आज दुपारी जेवण झाल्यावर बाल्कनीत बसून शेवटी लिहिलं. लिहिलं की हे मराठी आहे, माप नाही. त्याचा अर्थ असा की मी इथे घाई केली, लाकूड ओलं होतं, कुजकं पूर्ण काढलं नाही, आणि मग रंग मारून झाकलं, आणि तुला दिलेल्या यादीत हे घातलं नाही. दुरुस्तीचा खर्च मी देतो. "जरा" भाषांतरात घेतलं नाही. पाठवलं, आणि फोन उलटा करून ठेवला.

पाऊण तासाने उत्तर आलं. म्हणाली, नऊ इंच मागेपर्यंत गेलंय, काढलं सगळं, वासावरून वाटलंच होतं. खर्चाबद्दल काही नाही. खाली अजून एक फोटो. तुकडा निघालेला, आत स्वच्छ पिवळं लाकूड, कडेला छोटा दिवा टांगलेला. माझी ओळ तिने तशीच ठेवलीय, आणि तिच्या खाली, तिच्या बारीक गोल अक्षरात, पेन्सिलीने: १४ टक्के. थांबतेय.